भालचंद्राच्या गावची होळी

युरोपखंडातील अनेक देशांत जून महिन्यात, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, उघड्या माळांवर व डोंगरांवर मोठमोठे जाळ पेटविण्याचा प्रघात फार जुना आहे. ख्रिस्ती धर्माच्या अमदानीत या उत्सवास संत जॉनचे नाव मिळाले व तारीख २३ जूनची रात्र ही त्याची मुख्य रात्र ठरली. फ्रान्स व स्पेन यांच्या सरहद्दीवरील पिरेनीज पर्वतात तर तरुण मंडळी काळोख पडल्यावर पेटत्या मशाली घेऊन डोंगरमाथ्यावरून खाली उतरतात आणि त्या मशालींनी गावातील होळी पेटवितात. या उत्सवाचा समावेश २०१५ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. काळ्या डोंगराच्या अंगावरून सोन्याच्या सर्पासारखी उतरत येणारी ती मशालींची ओळ छायाचित्रात पाहिली, की आपल्यापैकी कोणाच्याही तोंडून सहज उद्गार निघेल, "अरे, ही तर आपली होळीच!"

माझ्याही तोंडून तो निघाला होता. परंतु विचार करता दोहोंतील एक मोठा भेद ध्यानात आला. त्यांचा उत्सव सूर्याच्या हिशेबाने चालतो व आपला चंद्राच्या. जूनमध्ये आपला शेतकरी मृगाच्या ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो. त्या वेळी जाळ करण्याची बुद्धी कोणास होणार! आपली होळी उन्हाळ्याच्या मध्यावर नसून त्याच्या उंबरठ्यावर पेटते, आणि ती पौर्णिमेसच पेटते. पिरेनीजमधील जाळाच्या रात्री आकाशात चंद्र असेल, नसेल, असला तरी कोर असेल की पूर्ण बिंब, याचा नेम नाही. आपल्याकडे मात्र होळी म्हटली की पूर्वेस पूर्णचंद्र हा ठेवलेलाच. छायाचित्रकारास याहून मोठे भाग्य ते कोणते, असे मला वाटले. आणि ते भाग्य किती अवघड आहे हे मला बीड जिल्ह्यातील लिंबागणेश या गावी जाऊन कळले.

केवळ नेत्रदीपक चित्रेच मिळवावयाची असती तर लिंबागणेशला जाण्याचे प्रयोजन नव्हते. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतील काठी या गावी जावे. तेथील आदिवासी बांधवांची होळी रात्रभराच्या नृत्यानंतर पहाटे पेटते. मध्यभागी उभारलेला उंच बांबू, मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू हे सारे टिपण्यासाठी दूरदूरचे छायाचित्रकार तेथे लोटतात. लिंबागणेशच्या होळीस असा लौकिक नाही. ती मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या होळीसारखी होळी आहे. मी तेथे गेलो तो आमच्या आत्येच्या शब्दाखातर.

आमचे घराणे मूळचे त्या बाजूचे. १९५० च्या सुमारास बिऱ्हाड हलले, वाडा विकला गेला, आणि गावाशी संबंध राहिला तो एका जुन्या छायाचित्रापुरता. ते आजोबांनी १९४६ सालच्या होळीस आपल्या पेटीकॅमेऱ्याने घेतलेले. त्या वेळी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्या संस्थानात सहाव्या निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी या कलेस एवढी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याच संस्थानाच्या एका कोपऱ्यात आमच्या आजोबांनी एका संध्याकाळी आपला हात चालवून पाहिला. परिणाम मात्र दीनदयाळांस शोभण्याजोगा झाला नाही. काळ्याभोर कागदाच्या मध्यभागी एक पांढरा डाग, एवढेच त्यात दिसते. डागाच्या डाव्या कडेस, अगदी निरखून पाहिले तर, एका लहान मुलीचे कोपरापर्यंतचे हात आहेत. ते हात आपले आहेत, असे आत्या सांगते. तेव्हा ती सात वर्षांची होती.

आज तिला प्रवास झेपत नाही. मी नवा कॅमेरा घेतल्याचे ऐकले तेव्हा तिने ते चित्र पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवले व म्हणाली, "एकदा होळीला आपल्या गावी जाऊन ये. पण बाबांसारखा नुसता जाळ नको हो आणूस. जाळ सगळीकडे सारखाच. जाळापुढे उभी असलेली माणसे आण."

बीडहून निघालेला रस्ता दक्षिणेस वळतो व थोड्याच वेळात बालाघाटच्या डोंगरास लागतो. जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग म्हणजे गोदावरीची सखल, काळ्या मातीची गंगथडी, आणि दक्षिणेकडील भाग म्हणजे हा उंच, मुरमाड, पाण्याला महाग असलेला डोंगरपट्टा. मांजरा नदीचा उगमही याच डोंगरांत, पाटोदा तालुक्यात होतो. मांजरसुंब्याचा घाट चढून गेले की हवाच पालटते. जवळच कपिलधार येथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे; पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यासारखा असतो. फाल्गुनात मात्र सारा डोंगर कोरडाठाक. बीडच्या ज्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सीताफळीची झुडपे या दिवसांत निष्पर्ण होऊन दगडांच्या रंगाची झालेली असतात. ज्वारी निघून गेलेली, शिवारात कडब्याच्या गंजी, आणि मधूनच एखादा पळस असा फुललेला, की होळी कोणी आधीच पेटविली की काय असा भास व्हावा. मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागले की काही वेळाने लिंबागणेश येते. बीडपासून हे अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे.

गावास नाव मिळाले ते गणपतीवरून, आणि येथील गणपती भालचंद्र म्हणून ओळखला जातो. चंद्राने गणेशाच्या रूपास हसावे, गणेशाने त्यास शाप द्यावा, पुढे चंद्राने पश्चात्तापाने तप करावे आणि प्रसन्न झालेल्या देवाने त्यासच आपल्या कपाळावर धारण करावे, ही कथा आपल्या घरांतील मुलाबाळांसही पाठ असते. ज्या गावच्या देवाने चंद्र कपाळी धरला, त्या गावात पौर्णिमेच्या होळीचे चित्र घ्यावे व त्यात चंद्र असावा, ही कल्पना माझ्या मनाने घेतली ती तेथेच. दर्शन घेऊन मी बाहेर आलो आणि कोणत्या जागेवरून पूर्वेचा डोंगर, होळी व चंद्र ही तिन्ही एका चौकटीत येतील, हे शोधीत हिंडू लागलो. आत्येचा शब्द तेव्हा माझ्या स्मरणातून पुसटला होता, हे कबूल केले पाहिजे.

यातील अडचण वाचकांस थोडक्यात सांगतो. पूर्णचंद्र आपणास शीतल व सौम्य भासतो; परंतु कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो भर उन्हात पडलेला दगड आहे. त्याचा पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवितो. तरीही तेवढा प्रकाश इतका असतो, की संवेदनक्षमता १०० व भिंगाचे छिद्र ११ ठेवले, तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाच वेळ उघडावी लागते. उलट जाळाच्या उजेडात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसावयाचा तर त्याच्या शेकडो पट प्रकाश आत घ्यावा लागतो. चेहरे दिसू लागले की चंद्राचा पांढरा ठिपका होतो, आणि चंद्रावरील डाग दिसू लागले की माणसे काळोखात बुडतात. जाळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. आजोबांच्या चित्रात माणसे का उमटली नाहीत, याचेही उत्तर हेच. त्या काळच्या फिल्मवर पेटीकॅमेऱ्याच्या लहानशा छिद्रातून क्षणभरात जाळाचा उजेड उमटला, माणसांच्या चेहऱ्यांवरचा उमटला नाही.

दुसरी गोष्ट चंद्राच्या आकाराची. क्षितिजावरील चंद्र आपणास परातीएवढा वाटतो. तो दृष्टीचा भ्रम आहे. हात लांब करून करंगळीचे नख त्याच्यापुढे धरावे, ते त्यास झाकून टाकते. कॅमेऱ्यास असा भ्रम होत नाही, म्हणून चित्रात चंद्र वाटाण्याएवढा येतो. हल्ली यावर एक उपाय सर्रास करतात. चंद्राचे निराळे, मोठे चित्र घ्यावयाचे व ते संगणकावर होळीच्या चित्रात बसवून द्यावयाचे. पाहणाऱ्यास ते आवडते. परंतु आत्येसाठी गावाकडून न्यावयाच्या चित्रात असे काही करावे, हे मला रुचले नाही.

सरळ मार्ग एकच उरतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आकाशात निळसर उजेड असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे त्या वेळी तो डोंगराच्या जवळ, हवेतील धुळीने मंदावलेला असतो. आकाश, चंद्र, जाळ व माणसे यांच्या प्रकाशांतील अंतर तेव्हा त्यातल्या त्यात कमी असते. होळी नेमकी त्याच अवधीत पेटली, तर साधते. मी जागा निश्चित केली, तिपाई रोवली व वाट पाहू लागलो.

होळी रचण्याचे काम दुपारपासून चालले होते. मध्ये एरंड उभा केला होता, भोवती लाकडे व गोवऱ्या. रचणारांकडे लक्ष गेले तेव्हा मला प्रथमच काही उणे वाटले. गोवऱ्या आणीत होती ती आठ-दहा वर्षांची पोरे, आणि त्या लावीत होते ते साठी-सत्तरीचे म्हातारे. मधल्या वयाची माणसे जवळजवळ नव्हतीच. मागल्या आळीत गेलो तर ओळीने दारांस कुलुपे. काही अंगणांत आजी नातवंडांस घेऊन बसलेल्या.

याचे कारण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. नवराबायकोच्या जोडीस तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणीही अवजारानेच होते. काही मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. आपल्या घरांत होळीला मुलांच्या गळ्यात ज्या साखरेच्या गाठी घालतात, आपल्या पुरणास जी साखर लागते, ती या कुलुपांमागून आलेली असते, हे मी पूर्वी वाचले होते. दारापुढे उभा राहून पाहिले नव्हते. त्या वर्षी हंगाम लांबला होता आणि होळी आली तरी माणसे परतली नव्हती.

सूर्य मावळला. पूर्वेच्या डोंगरावर तांबूस चंद्र वर आला, तो मी हेरून ठेवलेल्या जागीच. बायकांनी होळीभोवती रांगोळी घातली, नैवेद्याची ताटे आली, पोरांचा धीर सुटत चालला. सारे सिद्ध होते, आणि होळी मात्र कोणी पेटवीना. पाच मिनिटे गेली, दहा गेली. आकाशाचा निळा रंग काळवंडू लागला. शेवटी न राहवून मी पुढे झालो व नैवेद्याचे ताट घेऊन उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंस म्हणालो, "आजी, वेळ होत चालली. आता पेटवायला काय हरकत आहे?"

त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "जरा दम धरा, दादा. गाडी भरून झाली की पोरगं फोन करतो म्हनलंय. त्येला बी बघायचीय होळी. पोरं नसताना कशी पेटवावी?"

मी मुकाट्याने माझ्या तिपाईपाशी परत आलो. मोठी लाज वाटली. ज्यांची होळी त्यांनी आपल्या माणसांसाठी थांबावे, यात गैर काय होते? घाई होती ती मला, आणि तीही चंद्रासाठी.

पुढे अर्ध्या तासाने फोन आला, तोपर्यंत पुरती रात्र झाली होती. डोंगराच्या आडोशामुळे आवाज तुटत होता, म्हणून एक मुलगा फोन घेऊन जवळच उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला. "लागला, लागला!" असे तो ओरडला, आणि एका वृद्ध गृहस्थांनी होळीस अग्नी दिला. वाळलेल्या गोवऱ्यांनी तो क्षणात घेतला. पोरांनी बोंब ठोकली. नारळ पडले, पाण्याची धार धरून प्रदक्षिणा सुरू झाल्या. चंद्र माझ्या चौकटीबाहेर, केव्हाच वर निघून गेला होता.

मी तिपाई तशीच सोडली व कॅमेरा हाती घेऊन त्या घोळक्यात शिरलो. आजींनी फोन मागून घेतला होता व दोन्ही हातांनी तो जाळासमोर धरला होता. फडावरचा मुलगा पलीकडून काहीतरी सांगत होता. मी अगदी जवळ होतो, म्हणून ते मलाही ऐकू आले. "आई, नुसतं पांढरंफेक दिसतंय. जाळ ऱ्हाऊ दे. तुझं तोंड दाव. पोरी कुठंयत, त्यांस्नी घे."

आजींनी फोन आपल्याकडे वळविला. दोन लहान नाती त्यांच्या दोन्ही अंगांनी येऊन बिलगल्या. जाळ आता त्यांच्या समोर, पाच-सहा हातांवर होता, आणि त्याचा तांबडा उजेड तिघींच्या चेहऱ्यांवर पूर्ण पडला होता. जाळापासून दुप्पट दूर गेले की त्याचा प्रकाश स्थूलमानाने चौथाईवर येतो, म्हणून माणूस जाळाजवळ असेल तेव्हाच टिपावा, हे पुस्तकातील वचन मला ठाऊक होते. पण त्या क्षणी ते आठवावे लागले नाही. मी झगझगता दिवा वापरला नाही. संवेदनक्षमता ३२०० वर होती, भिंग पूर्ण उघडे होते आणि झडप सेकंदाच्या साठाव्या भागास मिटत होती. पाच चित्रे घेतली. चार हलली, एक साधले. त्यात जाळ नाही, चंद्र नाही, डोंगर नाही. एक म्हातारी बाई व दोन मुली हातातल्या एवढ्याशा काचेकडे पाहत आहेत आणि हसत आहेत.

जाळ बसल्यावर मंडळी घमेल्यांतून विस्तव घेऊन घरोघरी निघाली. काहींनी निखाऱ्यांवर पाण्याची भांडी ठेवली. दुसऱ्या दिवशी, धुळवडीस, त्या पाण्याने मुलांना न्हाऊ घालावयाचे होते. मलाही कोणी पुरणपोळी आणून दिली. माझ्या आजोबांचे नाव एका वृद्ध गृहस्थांस आठवले, वाडा आठवला. त्या जागी आता दुसऱ्यांची घरे आहेत, असे ते म्हणाले. रात्री मी परत फिरलो तेव्हा भालचंद्राच्या देवळावर चंद्र डोक्याशी आला होता. त्याचे चित्र घेण्याची इच्छा उरली नव्हती.

घरी येऊन मी चित्र मोठे करून कागदावर छापून घेतले व आत्येपुढे ठेवले. तिने ते खिडकीशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिले. त्या मुलींच्या गळ्यातील गाठी पाहिल्या. मागे अंधारात ज्या एक-दोन आकृती पुसट दिसतात त्यांवरून बोट फिरविले.

"बाकीची कुठे आहेत?" तिने विचारले. मी ऊसतोडीचे सांगितले, फोनचेही सांगितले. ती काही बोलली नाही. मग आजींच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही कोण? कोणाची?"

मी गप्प राहिलो. जाळाचे माप मी घेतले होते, चंद्राच्या उदयाचा हिशेब केला होता, संवेदनक्षमता किती ठेवावी हे ठरविले होते. त्या बाईंचे नाव मात्र विचारले नव्हते.

"माणसे आण म्हटले होते मी," आत्या म्हणाली, "तू चेहरे घेऊन आलास." आणि चित्र परत माझ्या हाती न देता तिने ते पेटीत, आजोबांच्या त्या पांढऱ्या डागाशेजारी ठेवून दिले.

त्या चित्राच्या आणखी तीन प्रती मी छापून ठेवल्या आहेत. एक आजींसाठी, दोन त्या मुलींसाठी. टपालाने पाठवाव्या तर पाकिटावर नाव कोणाचे घालावे? तेव्हा येत्या फाल्गुनात त्या मी स्वतःच घेऊन जाणार आहे. कॅमेरा बरोबर असेलच. पण या खेपेस होळी केव्हा पेटवावयाची, हे मी कोणास विचारणार नाही.